बर्गरला सळई कशाला?

मी जन्मभर जालन्यात राहिलो आहे, त्यामुळे सळई म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. इथल्या कारखान्यांतून सळया निघतात, ट्रकवर चढतात आणि मागच्या टोकाला लाल फडकं बांधून डुलत डुलत गावोगाव जातात. घर बांधायचं तर सळई हवी, पूल बांधायचा तर सळई हवी, हे मला मान्य आहे. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत एका नव्या हॉटेलात माझ्यापुढे एक बर्गर आणून ठेवण्यात आला आणि त्याच्या टाळूपासून तळव्यापर्यंत एक सळई ठोकलेली मला दिसली, तेव्हा खाणं बाजूला ठेवून मी विचार करू लागलो. (माझ्या बाबतीत हा क्रम सहसा उलटा असतो.) सळई बांबूची होती, तिच्या माथ्यावर एक हिरवं ऑलिव्ह खोचलेलं होतं, पण म्हणून काय झालं? ज्या वस्तूला उभं राहायला सळई लागते ती इमारत असते. तिला बांधकाम परवाना लागतो. ती खायची नसते.

आता तुम्ही म्हणाल, "मास्तर, या वयात तुम्हाला बर्गरच्या वाटेला जायला सांगितलं कोणी?" सांगितलं नातवाने. नातू नऊ वर्षांचा, मुक्काम पुणे. त्याच्यासाठी आमच्या हिने आठवडाभर खपून चकल्या, करंज्या, अनारसे असा डब्यांचा मोर्चा तयार ठेवला होता. नातवाने एकेका डब्यात डोकावून पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "आजोबा, जालन्यात बर्गर मिळतो का?"

हा प्रश्न साधा नव्हता. त्यात गावाची अब्रू होती. ज्या गावाला जुनी माणसं 'जालना सोनेका पालना' म्हणत, जे 1 मे 1981 रोजी जिल्ह्याचं गाव झालं आणि 2023 साली ज्याची महानगरपालिकाही झाली, त्या गावात बर्गर मिळत नाही म्हणजे काय? मी छाती फुगवून म्हणालो, "जालन्यात काय मिळत नाही?"

"पाणी," ही आतून म्हणाली. 2012-13 चा दुष्काळ ती अजून विसरलेली नाही.

तर आम्ही चौघं, म्हणजे मी, ही, चिरंजीव आणि नातू, त्या हॉटेलात गेलो. हॉटेलचं नाव मी सांगणार नाही, कारण एक तर ते मला उच्चारता येत नाही, आणि दुसरं म्हणजे माझं भांडण त्या एका हॉटेलशी नाही. तशी हॉटेलं आता गावोगाव आहेत. भिंतीला गिलावा केलेला नसतो आणि तो परवडला नाही म्हणून नव्हे, तर मुद्दाम केलेला नसतो. दिवे दोरीला लोंबकळत असतात. मेनू कार्ड इतक्या अंधारात वाचावं लागतं की दर दिसू नयेत हाच हेतू असावा. मला एक दिसलाच. बर्गर, रुपये 289. वर पाच टक्के कर. मी गणिताचा मास्तर. तोंडी हिशेब केला: 303 रुपये 45 पैसे.

कार्डावर बर्गरचे अकरा प्रकार होते. त्यात एक होता 'जालापिनो बर्गर'. मला वाटलं, वा, गावाचं नाव घातलेलं दिसतंय! चिरंजिवांनी हळूच सांगितलं, "बाबा, ती मेक्सिकोची मिरची आहे. झलापा नावाच्या गावावरून नाव पडलंय." बरं. ती मिरची बाटलीतून, आंबट पाण्यात बुडून, प्रवासाने दमून आलेली होती. इथून उठून भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला जाऊन या. हंगामात हिरव्या मिरचीचा असा बाजार भरतो की नुसतं मोटारीची काच खाली केली तरी ठसका लागतो. मिरचीच्या माहेरी बसून आम्ही बाटलीतली मिरची खायची आणि तिला वर वीस रुपये जास्त द्यायचे, याला काय म्हणावं?

मग बर्गर आले. ताटात नव्हे, पोळपाटासारख्या लाकडी फळीवर आले. सोबत पिटुकल्या पत्र्याच्या बादलीत तळलेल्या बटाट्याच्या कांड्या. बादली पाहून हिला गहिवरून आलं. टँकरपुढे ज्यांनी बादल्यांच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना बादलीची चेष्टा सहन होत नाही. बर्गरची उंची मी वितीने मोजली. एक वीत भरायला दोन बोटं कमी. खालपासून वर जायचं तर पाव, कोबीचं पान, टिक्की, चीज, कांद्याची चकती, दुसरी टिक्की, पुन्हा चीज, टोमॅटो, ती मेक्सिकोची पाहुणी, पांढरा सॉस, केशरी सॉस, आणि सर्वांत वर तीळ लावलेला पावाचा घुमट. मधून सळई. एवढ्या मजल्यांना लिफ्ट कशी नव्हती, याचंच नवल.

नातवाने आ वासला. बर्गरने नातवाकडे पाहिलं. दोघांनाही अंदाज आला की हे जमणारं नाही. मग त्याने सळई उपसली, मजले एकेक करून खाली उतरवले, चीज चाटलं, बादलीतले बटाटे संपवले आणि उरलेल्या पडझडीकडे पाहून म्हणाला, "मस्त होता." पुण्याची मुलं फार सभ्य असतात.

मी मात्र हट्टाला पेटलो. चिरंजीव काटा-चमचा मागवत होते, मी म्हणालो, "बर्गर हाताने खायचा असतो एवढं मला कळतं." दोन्ही हातांनी तो दाबला, डोळे मिटले आणि चावा घेतला. तोंड परत आलं. वरची कवळी बर्गरमध्येच राहिली.

त्या प्रसंगाचं पुढचं वर्णन मी करत नाही. कवळी काढून देण्यासाठी जो पोरगा धावत आला, त्याचंच सांगतो, कारण या लेखाचं मूळ तिथे आहे. पोरगा टोपी घातलेला, काळा एप्रन बांधलेला. त्याने कवळी कागदी रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवली आणि वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलं का? दहावीला तुमच्या वर्गात होतो. वडापाववाल्या मामांचा थोरला."

मामांचा थोरला! जुन्या बसस्टँडजवळच्या गाड्यावरचे मामा. तीस वर्षं मी त्यांचा वडापाव खातो आहे. या पोराला मी सातवी-आठवीत असताना वडे सोडताना पाहिलेलं. बापापेक्षा हात हलका. पिठात बुडवलेला गोळा तेलात असा सोडायचा की शिंतोडा उडायचा नाही. मी म्हणालो, "अरे, मग इथे स्वयंपाक तू करतोस होय? मग हे असं कसं?"

तो ओशाळून हसला. "इथं कामून स्वयंपाक, सर? टिक्की गोठवलेली येते, पाव पाकिटात येतो, सॉस पिशवीत येतो, कांदासुद्धा चिरलेला येतो. आपण फक्त कात्री चालवायची. कात्री मात्र चांगली चालती माझी."

एवढं बोलून तो आत गेला. मी बर्गरकडे पाहिलं. आतापर्यंत मला त्याचा राग येत होता. आता त्याची आणि त्या पोराची, दोघांचीही कीव आली.

घरी आल्यावर चिरंजिवांनी माझी समजूत काढली. "बाबा, तिथे लोक नुसतं खायला जात नाहीत. तो एक अनुभव असतो." आता मला सांगा, बहात्तर वर्षांच्या माणसाला अनुभवाची कमतरता असते का? आणि असलीच तर ती तीनशे तीन रुपये पंचेचाळीस पैशांत भरून काढायची का? तेवढ्या पैशांत, मामांच्या पंधरा रुपयांच्या दराने, वीस वडापाव आले असते आणि तीन रुपये पंचेचाळीस पैसे परत मिळाले असते.

"पण वडापाव तरी कुठे आपला आहे?" चिरंजीव म्हणाले. "पाव पोर्तुगीजांचा, बटाटा दक्षिण अमेरिकेतला, मिरची अमेरिकेतली. तुम्ही उगाच देशी-परदेशी करताय."

इथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण असा लेख दिसला की लोक लगेच लेखकाला जुनाट म्हणून मोकळे होतात. बर्गर परदेशी आहे म्हणून माझी तक्रार नाही. 'पाव' आणि 'बटाटा' हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांनी दिले हे मला ठाऊक आहे, आणि मी त्यांचा ऋणी आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या असईला 1803 साली वेलस्ली येऊन लढाई जिंकून गेला, तेही आम्ही पचवलं. बर्गर काय चीज आहे! माझी तक्रार वेगळी आहे. ज्यांनी हा पदार्थ आपल्याकडे आणला, त्यांना बर्गर म्हणजे काय हेच कळलेलं नाही. आणि हे मी वहीत मांडून सिद्ध करून देतो. आमच्या वेळी भूमितीत पक्ष, साध्य आणि सिद्धता असत.

पक्ष: माणसाला एक तोंड असतं. ते ठरावीक मापाचं असतं. माझी कवळी बसवली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी मला ते माप दाखवलं. आपली मधली तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि समोरच्या दातांमध्ये घालून पाहायची. धडधाकट माणसाच्या तोंडात तेवढी मावतात. म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. "आमच्याकडे पुडीवाले येतात," डॉक्टर म्हणाले, "त्यांना एक बोटही जात नाही." गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि टपरीवाल्यालाही ठाऊक आहे. असो. निसर्गाने माप तीन बोटांचं दिलं आहे. महानगरपालिका झाली म्हणून ते वाढत नाही.

साध्य: उत्तम बर्गर म्हणजे एका हातात मावणारा, तीन बोटांच्या आत बसणारा, ज्याच्या प्रत्येक घासात त्यातलं सगळं एकदम तोंडात येतं असा पदार्थ.

हा काही माझ्या पदरचा शोध नाही. खुद्द अमेरिकेत बर्गर मोठा झाला तो लहान असल्यामुळे. 1921 साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी 'व्हाइट कॅसल' नावाचं दुकान निघालं. त्यांचा बर्गर दोन घासांचा, चौकोनी, आणि किंमत पाच सेंट. साधी माणसं यायची, पिशवी भरून न्यायची. त्याला सळई नव्हती, कारण पडायला तो पुरेसा उंचच नव्हता. आणि न्यू हेवन नावाच्या गावात 'लुईज लंच' म्हणून 1895 पासूनचं दुकान आहे. तिथे आजही बर्गर भाजलेल्या पावाच्या दोन कापांत देतात. सोबत चीज, कांदा, टोमॅटो. बस्स. तिथे केचप मागितलंत तर मिळत नाही. ज्या देशाने बर्गर मोठा केला त्या देशातलं जुनं दुकान केचपला दारात उभं करत नाही, आणि इथे आमच्याकडे तीन रंगांचे सॉस! चांगल्या पोरीला उगाच पावडर थापावी तसं.

आणि आपल्याकडे काय झालं पाहा. दादर स्टेशनबाहेर 1966 च्या सुमाराला अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. वडा होता, पाव होता, दोघं शेजारी शेजारी राहत होते. पण गाडी पकडायच्या घाईतल्या माणसाला एक हात मोकळा हवा असतो. दुसऱ्या हाताने त्याला गाडीचा दांडा धरायचा असतो. जेवण एका हातात आलं पाहिजे, ही त्या पदार्थाची पहिली अट. म्हणजे विचिटाला जे गणित सुटलं, तेच दादरला सुटलं. पुढे 1982 चा गिरण्यांचा संप झाला, भोंगे थांबले, आणि कित्येक कामगारांच्या घरची चूल वडापावच्या गाडीवर चालली. 1996 साली मॅकडोनाल्ड भारतात आलं, त्यांनाही शेवटी बटाट्याच्याच टिक्कीला पावात बसवावं लागलं. म्हणून मी म्हणतो, वडापाव हा बर्गरचा गरीब नातेवाईक नाही. तो बर्गरच आहे, आणि जरा बरा जमलेला आहे.

सिद्धता: ही मी मामांच्या गाड्यापुढे उभा राहून देतो. तुम्हीही कधी संध्याकाळी सहाला या.

आधी पाव घ्या. पावाचं काम काय? गप्प बसणं. पावाने चव दाखवायची नसते, आवाज करायचा नसतो, हात भाजू द्यायचा नाही आणि आतलं सांडू द्यायचं नाही, एवढंच. मामांची लादी दुपारी जवळच्या भट्टीतून येते. तो पाव दाबला की दबतो आणि सोडला की हळूहळू पूर्वपदावर येतो, एखाद्या समजूतदार सुनेसारखा. त्या हॉटेलातला पाव पाकिटातून आलेला, गोडसर, आणि चिवट. माझी कवळी त्याने धरून ठेवली यावरून काय ते समजा. त्यावर तीळ लावलेले होते ही गोष्ट वेटरने मला दोनदा सांगितली. अरे बाबा, जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे बियाण्यांची कंपनी काढली आणि 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. बी बियाणं काय असतं ते आम्हाला नको सांगू. तीळ शोभेला आहेत. ते दातांत अडकतात, आणि ज्यांना दात नाहीत त्यांच्या कवळीखाली जातात.

मग वडा. इथे थोडं विज्ञान. पदार्थ बाहेरून तांबूस, खमंग का होतो हे लुई मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली शोधलं. प्रथिनं आणि साखर यांची उष्णतेत गाठ पडली की तो रंग आणि तो वास येतो. पण पाण्याचं बिऱ्हाड बाहेर पडल्याशिवाय हे लग्न लागत नाही. पाणी शंभर अंशांवर उकळत बसतं, आणि खमंगपणा नीट धरायला एकशे चाळीसच्या पुढे जावं लागतं. म्हणून वडा तेलात पडला की आधी चरचर बोंबलतो. ती बोंब पाण्याची. बोंब ओसरली की रंग धरू लागतो. मामा वड्याकडे बघतच नाहीत. ते गिऱ्हाइकाशी बोलत असतात आणि कान तेलाकडे असतो. चरचर बारीक झाली की झारा आपोआप आत जातो. गोठवलेल्या टिक्कीच्या पोटात बर्फाचं पाणी. ती यंत्रात गरम केली की बाहेरून ओली आणि आतून कुठे थंड, कुठे जळजळीत. हे समजायला फ्रेंच शास्त्रज्ञ लागत नाही, जीभ पुरते.

तिसरी गोष्ट, झणका. पावाच्या एका गालाला लसूण-खोबऱ्याची लाल चटणी, आणि हातात मीठ लावलेली तळलेली हिरवी मिरची. मऊ पाव, कुरकुरीत साल, लुसलुशीत बटाटा, आणि मधेच लसणीचा चिमटा. चार गोष्टी, एक घास. पाचवी गोष्ट आली की भांडण सुरू होतं. बर्गर मोठा करायचा मोह होतो तो इथेच. आतलं चांगलं जमलं नाही की माणूस आणखी काहीतरी घालतो. लेखकांचंही असंच होतं. हा लेख लांबत चालला आहे, तेव्हा मी ते जास्त बोलत नाही.

आणि चौथी गोष्ट, जी कुठल्याही मेनू कार्डावर लिहिलेली नसते. करणारा माणूस खाणाऱ्याच्या समोर उभा असला पाहिजे. मी पहिला घास घेतला की मामा एकदा माझ्या तोंडाकडे बघतात. नुसतं बघतात. मी काही बोललो नाही तरी म्हणतात, "आज मीठ जरा पुढं गेलं का सर?" दुसऱ्या घाण्याला मीठ जागेवर आलेलं असतं. त्या हॉटेलात माझी कवळी निघाली तरी टिक्की बनवणाऱ्याला ते कळलं नाही, कारण टिक्की बनवणारा तिथे नव्हताच. तो कुठल्या तरी कारखान्यात होता, आणि तिथेही बहुधा यंत्र होतं. जो पदार्थ बिघडला तर रागवायला समोर माणूस नसतो, तो पदार्थ सुधारणार कसा? आणि ज्याचा हात मामांच्याही पेक्षा हलका, त्याच्या हातात कात्री! गावातलं एक चांगलं बोट आपण पाकिटं फोडायला लावलं, हे नुकसान तीनशे तीन रुपये पंचेचाळीस पैशांत मोजता येत नाही.

इति सिद्धम्. इथे लेख संपायला हवा होता. पण नंतर जे झालं ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल, कारण त्यात मी हरलो.

नातू पुण्याला गेल्यावर चार दिवसांनी मामा घरी आले. बगलेत पत्र्याचा कोरा बोर्ड आणि हातात रंगाचे दोन डबे. शाळेच्या फळ्यावरचं माझं अक्षर गावात प्रसिद्ध आहे. गाड्यावरचा 'गरमागरम वडापाव' हा जुना बोर्डही माझ्याच हातचा.

"सर, नवा बोर्ड लिहून द्या. 'बर्गर' लिहा."

मी तीनताड उडालो. "मामा, मी तुमच्या बाजूने आठवडाभर घरात भांडतोय, आणि तुम्ही?"

"क्लासची पोरं गाड्यावरून पुढं जातात, सर. वडापाव म्हणलं की लाजतात. घरी सांगत नाहीत, फोटो काढत नाहीत."

"म्हणून आपण नाव बदलायचं? तुमचा वडा, तुमचा पाव, आणि नाव हॅम्बुर्गचं? मला नाही जमणार."

मामा काही बोलले नाहीत. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवून गेले. दोन दिवस तो कोरा बोर्ड आमच्या ओसरीवर माझ्याकडे बघत होता. मीही तत्त्वाला धरून होतो. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, त्यांनी कशासाठी मागितला ते तरी विचारलंत का नीट?"

मी गाड्यावर गेलो. मामा गोळे वळत होते. पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. मग तेच म्हणाले, "थोरला म्हणतो, तिथलं सोडून गाड्यावर उभा राहतो. पण वडापाववाला म्हणून नाही राहणार. त्याचे दोस्त बघतात. बोर्ड बदलला तर येतो म्हणतो." आणि हातातला गोळा उगाच पुन्हा वळत राहिले.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? पोराच्या लाजेला मी हसू शकलो असतो. पण ती लाज त्याच्यात आली कुठून? कार्डावरचं नाव उच्चारता येत नसताना तिथे छाती फुगवून नातवाला घेऊन गेलं कोण? 'जालन्यात काय मिळत नाही' असं म्हणालो तेव्हा नातवाला मामांच्या गाड्यावर न्यायचं माझ्यासुद्धा डोक्यात आलं नव्हतं. तीस वर्षं खातो आहे, पण पाहुण्याला दाखवायला मला दोरीला टांगलेले दिवे लागले. मग त्या पोराला कोणत्या तोंडाने शिकवू? तेही कवळीच्या!

आणि शेवटी माझं भांडण नावाशी होतं कधी? भांडण सळईशी होतं, पाकिटाशी होतं, त्या कात्रीशी होतं. दोन काने-मात्रे इकडचे तिकडे केले म्हणून एक हात पाकिटातून सुटत असेल, तर मराठी भाषा एवढं सोसेल. तिने पाव सोसला, बटाटा सोसला, महानगरपालिकाही सोसते आहे.

मी घरी आलो आणि बोर्ड लिहिला. लाल रंगात, झोकदार: 'बर्गर'. खाली बारीक अक्षरांत, मामांना न विचारता: 'सळई नाही. समोर तळून मिळेल.'

परवा संध्याकाळी गेलो होतो. थोरला कढईपुढे उभा होता, काळा एप्रन तोच, हातात मात्र कात्रीऐवजी झारा. मामा बाजूला पाव कापत होते आणि खुर्चीवर बसायला शिकत होते. वडा तोच, लादी त्याच भट्टीची, चटणी तीच, दर तोच पंधरा रुपये. क्लासची चार-पाच पोरं पाठीवर दप्तरं घेऊन उभी होती. त्यातल्या एकाने बोर्डाचा फोटो काढला, मग पहिला घास घेतला. थोरल्याने त्याच्या तोंडाकडे बघितलं, अगदी बापासारखं, नुसतं.

पोरगं डोळे मोठे करून म्हणालं, "दादा, बर्गर एक नंबर आहे. अगदी वडापावसारखा लागतो!"